बिघडलेला टॅकोमीटर: काटा नक्की काय मोजतो?

संशोधनाच्या तयारीत असलेल्या मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो: "उपकरण चुकतंय हे ओळखायचं कसं?" बंद पडलेलं उपकरण ओळखायला कुणाची गरज नाही. त्रास होतो तो चालू असलेल्या आणि अगदी ठामपणे चुकीचा आकडा दाखवणाऱ्या उपकरणाचा. आज त्यासाठी एक साधं उपकरण घेऊया, बोटीच्या आउटबोर्ड इंजिनाचा टॅकोमीटर. आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं इंजिन, बंदरावर ज्याला 'ओबीएम' म्हणतात ते. टॅकोमीटर म्हणजे ते इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय, म्हणजे आरपीएम किती, हे दाखवणारा काटा.

तुम्ही म्हणाल, हे मेकॅनिकचं काम, आमचा काय संबंध? माझा आहे तो असा. मी खाडीतल्या प्राणिप्लवकांवर काम करते. बोटीमागे बारीक जाळं ठरावीक वेगाने ओढायचं, जमलेले जीव मोजायचे आणि किती घनमीटर पाण्यात किती जीव ते काढायचं. त्यासाठी जाळ्यातून किती पाणी गेलं हे कळावं लागतं. जाळ्याच्या तोंडाशी फ्लोमीटर असला तर उत्तमच, पण खाडीत त्याच्या पंख्यात शेवाळ आणि प्लास्टिकचे धागे अडकतात. मग उरतो हिशेब: तोंडाचं क्षेत्रफळ गुणिले वेग गुणिले वेळ. इथे वेग हवा तो पाण्याच्या तुलनेत. जीपीएस देतो जमिनीच्या तुलनेतला वेग, आणि खाडीत पाणी भरती-ओहोटीबरोबर स्वतःच चालत असतं. म्हणून इंजिन एका ठरलेल्या आरपीएमवर धरतात, आमच्याकडे १,२००. थोडक्यात, माझ्या सगळ्या घनता त्या काट्यावर टांगलेल्या आहेत.

आता काटा काय मोजतो ते बघू. इंजिनाच्या डोक्यावर फ्लायव्हील असतं, त्याच्या आतल्या कडेला चुंबकं बसवलेली असतात. फ्लायव्हीलखाली तारांची वेटोळी असतात, त्यांना स्टेटर म्हणतात. चुंबकं वेटोळ्यांवरून फिरली की उलटसुलट दिशेची वीज तयार होते. ती रेक्टिफायरमधून जाऊन एका दिशेची होते आणि बॅटरी चार्ज करते. टॅकोमीटरची वायर साधारणपणे याच चार्जिंगच्या विजेला जोडलेली असते, आणि मीटर त्या विजेचे ठोके मोजतो. १२ ध्रुवांचा स्टेटर असेल तर एका फेऱ्याला ६ ठोके, १० ध्रुवांचा असेल तर ५.

म्हणजे मीटरला आरपीएम दिसतच नाही. त्याला दिसतात सेकंदाला किती ठोके, आणि एका फेऱ्याला किती ठोके हे त्याला आपण सांगितलेलं असतं. बऱ्याच मीटरच्या पाठीमागे त्यासाठी एक छोटा गोल स्विच असतो, स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचा, त्यावर ४, ५, ६ असे आकडे असतात. तो स्विच म्हणजे गृहीतक. समोरच्या काचेवर त्याचा मागमूस नाही.

आता बिघाडाकडे. सगळ्यात आधी एक विनंती: काहीही उघडण्याआधी चूक कोणत्या आकाराची आहे ते लिहून काढा. काटा मेलेला आहे? उड्या मारतो? सगळ्या वेगांना सारख्याच पटीत जास्त किंवा कमी दाखवतो? सकाळी ठीक असतो आणि तासाभराने बिघडतो? यातलं प्रत्येक उत्तर तुम्हाला साखळीतल्या वेगवेगळ्या कडीकडे नेतं, आणि एकदा वायरी हलवल्या की हा पुरावा गेला.

मेलेला काटा त्यातल्या त्यात सोपा. मीटरला चावीतून येणारे १२ व्होल्ट आणि ग्राउंड मिळतंय का ते मल्टिमीटरने बघा. अमेरिकन पद्धतीच्या वायरिंगमध्ये चावीची वायर जांभळी, ग्राउंड काळी आणि ठोके आणणारी करडी असते. जपानी इंजिनांचे रंग वेगळे, यामाहाच्या बऱ्याच इंजिनांत ठोक्यांची वायर हिरवी. एक फसवणूक इथे ठरलेली: "मीटरचा दिवा लागतोय, म्हणजे वीज येतेय." दिव्याची वायर वेगळी असते. दिवा लागला म्हणजे दिव्याला वीज मिळाली, बस.

वीज ठीक असेल तर दुसरी खूण बघा, ही मला फार आवडते. इंजिन थोडं वाढवून बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. चार्जिंग नीट असेल तर साधारण १४ व्होल्टच्या आसपास दिसेल, नसेल तर साडेबाराच्या आसपास अडकलेलं दिसेल. टॅकोमीटर आणि चार्जिंग दोघांचं मूळ एकच, स्टेटर. काटाही मेला आणि चार्जिंगही नाही, तर संशय स्टेटर किंवा रेक्टिफायरवर. रेक्टिफायर जळणं हे मेलेल्या काट्याचं नेहमीचं कारण आहे, आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढणं हा तो जाळायचा हमखास उपाय. चार्जिंग ठीक आहे आणि काटा मेलाय, तर वायर, कनेक्टर किंवा मीटर. दोन मिनिटांच्या एका मोजमापाने अर्धं इंजिन संशयाबाहेर जातं. तुमच्या प्रयोगातही एकाच कारणातून निघणाऱ्या दोन गोष्टी शोधून ठेवा, अडचणीच्या वेळी त्याच कामाला येतात.

उड्या मारणारा काटा म्हणजे बहुतेक वेळा खारं पाणी. कनेक्टर उघडला की हिरवट गंज दिसेल. मागचा तो गोल स्विचसुद्धा आतून गंजतो. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ-दहा वेळा फिरवून परत मूळ जागी आणला की कित्येकदा काटा शहाण्यासारखा वागायला लागतो. (फिरवण्याआधी तो कुठे होता याचा फोटो काढा.)

आणि तासाभराने बिघडणारा? हा अवघड, कारण मेकॅनिक येतो तेव्हा तो ठीक असतो. यात रेग्युलेटरवर संशय घ्यावा. बॅटरी भरत आली की रेग्युलेटर चार्जिंग तोडायला किंवा वळवायला लागतो. ठोक्यांची वायर तिथूनच निघत असेल, तर काही जोडण्यांमध्ये ठोक्यांचा आकार बिघडतो आणि मीटर ते चुकीचे मोजतो. तपासायला काहीही उघडावं लागत नाही. काटा नाचायला लागला की बोटीचे दिवे आणि पाणी उपसायचा पंप चालू करा. विजेची मागणी वाढली की रेग्युलेटर पुन्हा चार्जिंग करू लागेल. काटा स्थिरावला तर कारण हाताशी आलं. पंप बंद केल्यावर पुन्हा नाचला तर जवळपास खात्रीच. नुसतं बघत बसण्यापेक्षा काहीतरी मुद्दाम बदलून बघणं किती स्वस्त पडतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण हे सगळे निदान दिसणारे बिघाड. आमच्या बोटीवरचा बिघाड दिसत नव्हता.

पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असते. त्या काळात जुना मीटर काढून दुसरा बसवला गेला. नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात आली, काटा स्थिर, छान, १,२०० वर. पहिल्याच फेरीत तांडेल म्हणाले, "ताई, काटा बाराशेवर हाय, पण मशीन बाराशेची वाटत नाय." त्यांनी काट्याकडे बघून हे सांगितलं नव्हतं, आवाज ऐकून सांगितलं होतं.

असं काही कानावर आलं तर तुम्ही काय कराल? मीटरवाला म्हणेल मीटर नवा आहे. नवा असणं हा पुरावा नाही. मग आपण मल्टिमीटर हर्ट्झवर लावून ठोक्यांच्या वायरीवर धरू. काटा १,२०० वर असताना मल्टिमीटर म्हणतो १०० हर्ट्झ. स्टेटर १० ध्रुवांचा धरला तर एका फेऱ्याला ५ ठोके, म्हणजे सेकंदाला २० फेरे, म्हणजे मिनिटाला बरोबर १,२००. जुळलं! दोन उपकरणं एकमतात!

इथे थांबा. दोन उपकरणं एकमतात आहेत कारण दोघांनी एकाच वायरीवर कान लावलाय आणि आपण दोघांना एकच गृहीतक दिलंय. ध्रुव १२ असतील तर तेच १०० हर्ट्झ म्हणजे १,००० आरपीएम. मल्टिमीटरने फक्त एवढं सिद्ध केलं की मीटर ठोके बरोबर मोजतोय. भागाकार बरोबर आहे की नाही, हे त्या वायरीतून कधीच कळणार नाही. प्रयोगशाळेतसुद्धा लोक "दोन पद्धतींनी पडताळलं" म्हणतात तेव्हा मी आता आधी विचारते, दोन्हींच्या मुळाशी काय समान आहे?

स्वतंत्र साक्षीदार हवा, आणि तो तांडेलांनी आधीच सुचवलेला: आवाज. आमचं इंजिन तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आहे. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दर फेऱ्याला एकदा पेटतो, म्हणजे एका फेऱ्याला तीन स्फोट. १,२०० आरपीएमला सेकंदाला २० फेरे, ६० स्फोट. १,००० ला ५० स्फोट. मोबाइलवर आवाजाचा वर्णपट दाखवणारं कुठलंही फुकटचं ॲप घ्या आणि बघा. मोबाइलचा माइक इतक्या खालच्या आवाजाला कच्चा असतो, म्हणून एकट्या शिखरावर विसंबू नका, त्याच्या पटीतली शिखरं शोधा: ५०, १००, १५० अशी रांग आहे की ६०, १२०, १८० अशी. आणि हे पाण्यात, विजेच्या तारांपासून लांब करा, कारण घरगुती विजेची गुणगुणही ५० हर्ट्झचीच. आमच्याकडे रांग ५०ची निघाली.

(गाणं शिकलेल्यांसाठी: ६० आणि ५० यांचं गुणोत्तर ६:५, म्हणजे षड्ज आणि कोमल गंधार यांच्यातलं अंतर. वर्षानुवर्षं त्याच इंजिनामागे बसलेल्या माणसाला एवढा उतरलेला सूर कळला नसता तरच नवल.)

आता ध्रुव मोजायला फ्लायव्हील काढायची गरज उरली नाही. आवाज म्हणतो १,००० आरपीएम, म्हणजे सेकंदाला १६.६७ फेरे. मल्टिमीटर म्हणतो १०० ठोके. भागा: एका फेऱ्याला ६ ठोके, १२ ध्रुव. मीटरच्या मागचा स्विच ५ वर होता. चूक सहा पंचमांश, सगळ्या वेगांना सारखी, आणि म्हणूनच न दिसणारी.

हातात चिमट्याचा टॅकोमीटर असेल, प्लगच्या वायरीला लावायचा, तर तोही चालेल. मात्र त्याचंही स्वतःचं गृहीतक असतं. फोर-स्ट्रोक इंजिनात प्लगला दोन फेऱ्यांतून एकदा ठिणगी लागते, पण काही इंजिनांत एक्झॉस्टच्या वेळी एक जादा ठिणगी पडते आणि ती दर फेऱ्याला होते. दोन उपकरणांत बरोबर दुपटीचा फरक आला तर इंजिनाला हात लावू नका, आधी त्या चिमट्याची सेटिंग बघा.

आणखी एक पडताळणी, कागद-पेन्सिलची. प्रोपेलरवर पिच कोरलेला असतो, म्हणजे घसरण नसती तर एका फेऱ्यात तो किती इंच पुढे गेला असता. आरपीएमला पिचने गुणा, गिअरच्या गुणोत्तराने आणि १,२१५ ने भागा, की नॉटमधला सैद्धांतिक वेग मिळतो. १३ इंच पिच, गिअर २:१, काटा ५,५०० वर: २९.४ नॉट. जीपीएसवर, प्रवाहाच्या बाजूने आणि विरुद्ध अशा दोन्ही दिशांची सरासरी घेऊन, २० नॉट मिळाले तर घसरण ३२ टक्के. हलक्या, वेगाने धावणाऱ्या बोटीला हे फार झालं. प्रोपेलर खराब असू शकतो, तळाला शिंपले धरलेले असू शकतात. पण ५,५०० ऐवजी खरे ४,५८३ घातले की सैद्धांतिक वेग २४.५ नॉट होतो आणि घसरण १८ टक्क्यांवर येते, जी पटण्यासारखी आहे. एकट्या या हिशेबावर मी निकाल दिला नसता. आवाजाच्या जोडीला मात्र तो चांगला साक्षीदार आहे. आणि कधी घसरण उणे आली, म्हणजे बोट प्रोपेलरपेक्षा वेगात, तर काटा कमी दाखवतोय किंवा पिचचा आकडा खोटा आहे, यापलीकडे फार पर्याय उरत नाहीत.

मच्छीमाराला याची किंमत वेगळी मोजावी लागते. पूर्ण थ्रॉटलला खरे ५,५०० असताना काटा ६,६०० दाखवेल. इंजिन जास्त पळतंय असं समजून कुणी जास्त पिचचा प्रोपेलर बसवेल. एक इंच पिचने साधारण १५० ते २०० आरपीएम उतरतात. ठणठणीत इंजिन कायमचं ओझ्याखाली दबून चालेल, पेट्रोल पिईल आणि लवकर झिजेल. सगळं एका स्क्रूएवढ्या स्विचपायी.

माझी किंमत अशी. जाळ्याचं तोंड अर्धा मीटर व्यासाचं, क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मीटर. १,२०० आरपीएमला शांत पाण्यात वेग साधारण १ मीटर प्रतिसेकंद. पाच मिनिटांत ३०० मीटर, ५८.९ घनमीटर पाणी. खरे आरपीएम १,००० असतील तर, इतक्या कमी वेगाला वेग जवळपास आरपीएमच्या प्रमाणात धरून, २५० मीटर, ४९.१ घनमीटर. जाळ्यात ४,९१० जीव आले, तर खरी घनता १००. पण मी ५८.९ ने भागलं असतं तर ८३. म्हणजे खाडीत काहीही न बदलता माझ्या आलेखात पावसाळ्यानंतर सतरा टक्के घट दिसली असती. आणि खरी मेख इथे आहे: मीटर बदलला पावसाळ्यात. पावसाळ्याआधीची आणि नंतरची तुलना हाच माझा विषय. उपकरणातली चूक आणि मला शोधायचा परिणाम एकाच तारखेवर उभे होते. कारणंही तयार मिळाली असती: गोडं पाणी, गाळ, क्षारता. परीक्षकांनीही मान डोलावली असती.

'मीटर बदलून बघू' या सवयीबद्दलही एक शब्द. मीटर बदलताना तुम्ही सगळे कनेक्टर काढून परत घालता, गंज खरवडला जातो, ग्राउंड घट्ट बसतं. मग काटा सुधारला की श्रेय नव्या मीटरला. खरं कारण बघायचं असेल तर जुना मीटर परत लावा. तोही चालला तर दोष मीटरमध्ये नव्हताच. हे करायला कुणाला वेळ नसतो, मान्य आहे, पण वहीत 'मीटर खराब होता' असं लिहू नका, 'मीटर बदलल्यावर सुधारलं' असं लिहा.

हे सगळं करताना इंजिन पाण्याशिवाय चालवू नका. किनाऱ्यावर असाल तर पिंपात बुडवून किंवा नळाचं फ्लशिंग लावून चालवा, नाहीतर थंडाव्याचा पंप काही क्षणांत जातो. झाकण काढून चालत्या फ्लायव्हीलजवळ ओढणी, सैल बाही, मोकळे केस नकोत. आणि स्टेटरमध्ये इग्निशनचीही वेटोळी असतात, त्यांत कित्येकशे व्होल्ट असतात. कोणती वायर कशाची हे माहीत नसेल तर मल्टिमीटर खिशात ठेवा आणि जाणत्या माणसाला बोलवा.

राहिला जुन्या नोंदींचा प्रश्न. सारख्या पटीतली चूक दुरुस्त करता येते, फक्त ती कधी सुरू झाली हे दाखवावं लागतं. लॉगबुकात मीटर बदलल्याची नोंद होती, पण तेवढ्यावर न थांबता मी भरती संपून ओहोटी लागण्याआधीच्या थांबलेल्या पाण्यातली ओढणी निवडली. तेव्हा जमिनीच्या आणि पाण्याच्या तुलनेतला वेग जवळपास एकच असतो, त्यामुळे जीपीएसवर विसंबता येतं. काट्यावर तेच १,२०० असताना पावसाळ्याआधीचे वेग १ मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास, नंतरचे ०.८३च्या. पायरी एकच, मीटर बदलल्यानंतरची. त्यापुढच्या सगळ्या ओढण्यांचं पाणी १.२ ने भागलं आणि मूळ आकड्यांचा रकाना शेजारी तसाच ठेवला. मधल्या चार दिवशी एका कनेक्टरमुळे काटा उड्याही मारत होता. त्या दिवशी इंजिन नेमकं कितीवर होतं हे काढायचा कुठलाच मार्ग नाही. त्या चार ओढण्यांतल्या जातींची यादी वापरली आहे, घनता नाही.